वापरलेली गाडी, न वापरलेली हौस

स्पोर्ट्‌स कार म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सिनेमातला नायक, लालभडक उघडी मोटार आणि शेजारी केसांना रुमाल बांधून बसलेली नायिका. नायिका नेहमी शेजारीच! गाडी चालवायची त्यानं आणि रुमाल सांभाळायचा तिनं. शिवाय गाडी असायची कुणा कारखानदाराच्या मुलाची. आपल्यासारख्या पगारदार घरांचा त्या गाडीशी संबंध बाल्कनीच्या तिकिटापुरता.

मैत्रिणींनो, ही समजूत आता बाजूला ठेवायला हरकत नाही. एक काळ असा होता, की साधी चारचाकी मिळवणं हेच दिव्य होतं. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट (पुढे तीच प्रीमियर पद्मिनी झाली) नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून दारात यायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीयांना मोटारीची स्वप्नं पडू लागली. पण त्या दिवसांत ‘ही चालवायला मजा येते का हो?’ असं कुणी विचारत नसे. गाडी मिळाली, हीच मजा!

आज वापरलेल्या गाड्यांचा बाजार मोठा आहे, आणि त्यात काही गाड्या अशा आहेत, की त्या मुळात चालवणाऱ्याच्या आनंदासाठीच बनवलेल्या. नव्या होत्या तेव्हा त्यांची किंमत ऐकून आपण पुढे गेलो. आता पहिल्या मालकानं किमतीतली मोठी घट सोसलेली आहे. ती घट आपल्या पथ्यावर पाडून घ्यायची, की त्याचं दुखणं आपल्या गळ्यात पडू द्यायचं, हे मात्र आपल्या डोळसपणावर आहे.

स्पोर्ट्‌स कार म्हणायचं कशाला?

जपानच्या माझ्दा कंपनीनं १९८९ साली एमएक्स-५ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी गाडी काढली. इंजिन अवघं १.६ लिटरचं, वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास. ताकदीत तिला मागे टाकणाऱ्या गाड्या तेव्हाही कितीतरी होत्या. पण बनवणाऱ्यांनी डोळ्यांपुढे एकच गोष्ट ठेवली होती: घोडा आणि स्वार जसे एकजीव होतात, तशी गाडी आणि चालवणारा एकजीव व्हावा. स्टिअरिंग जरासं वळवलं की गाडीनं लगेच ऐकावं, गिअर दांडा मनगटाच्या हालचालीनं पडावा. २०१६ मध्ये अशा दहा लाख गाड्या पुऱ्या झाल्या. दोन आसनी स्पोर्ट्‌स कारमध्ये इतकी खपलेली दुसरी नाही. इंग्लंड-अमेरिकेत वापरलेली एमएक्स-५ ही शिक्षकांची, नर्सबाईंची, निवृत्त जोडप्यांची हौसेची गाडी आहे.

आपल्याकडे ती बाहेरून आणायची म्हटलं, तर तीन वर्षांपेक्षा जुनी मोटार आयातच करता येत नाही, आणि जी आणता येते तिच्यावरचं शुल्क ऐकून हौस फिटते. म्हणजे ती गाडी आपल्यासाठी नाही; पण तिनं शिकवलेला धडा आपल्यासाठी आहे. मजा वेगाच्या आकड्यात नसते. गाडी हलकी असावी, रस्त्याला धरून चालावी, ब्रेक चोख असावेत आणि हाताला तिनं उत्तर द्यावं. एवढं असलं, की ताशी पन्नासच्या वेगातही मन फुलून येतं.

आपल्या बाजारातल्या चार नावाजलेल्या

गंमत म्हणजे अशा गाड्या आपल्या पुणे जिल्ह्यातच बनत होत्या. चाकणच्या कारखान्यातून २०१३ साली फोक्सवॅगन पोलोचा ‘जीटी टीएसआय’ प्रकार निघाला. इंजिन १.२ लिटरचं, पण टर्बोच्या जोरावर १०५ अश्वशक्तीचं, आणि गिअर आपोआप बदलणारे. क्लच दाबण्याचा त्रास नाही, म्हणून गुडघे कुरकुरणाऱ्या बायकांनाही सोयीची. मात्र तिची दोन क्लचची गिअरपेटी बिघडली, तर दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. तेव्हा गिअर पडताना धक्के बसतात का, हे पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये. पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं.

दुसरी रांजणगावची. फियाटनं २०१५ मध्ये ‘अबार्थ पुंटो’ काढली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत दहा लाखांच्या आत-बाहेर. त्या किमतीत इतकी ताकद देणारी गाडी तेव्हा दुसरी नव्हती. फार खपली नाही, म्हणून आज ओळखीची माणसं ती शोधत फिरतात. पण फियाटनं आपल्याकडची विक्री केव्हाच गुंडाळली आहे. सुटे भाग कुठून आणणार आणि गावात तिला हात लावणारा मेकॅनिक कोण, हे आधी ठरवून मगच हिच्या मोहात पडावं.

तिसरी मारुतीची ‘बलेनो आरएस’, २०१७ सालची. इंजिन एकच लिटरचं, पण तेही टर्बो. ही वरच्या दोघींइतकी नखरेल नाही. पण तालुक्याच्या गावीही मारुतीची सर्व्हिस मिळते, हे हिचं मोठं भांडवल. आणि चौथी जुन्या जमान्यातली, २००१ साली आलेली फियाट पॅलिओ १.६. शंभर अश्वशक्तीची ही गाडी अगदी थोडक्या पैशांत मिळते. पण एवढ्या जुन्या गाडीला वेळ द्यावा लागतो. घरात कुणाला नट-बोल्टची आवड असेल, तरच.

या सगळ्या पाच माणसांच्या, पाच दारांच्या गाड्या आहेत, हे विसरू नका. सासूबाईंना दवाखान्यात नेता येतं, मुलांना क्लासला सोडता येतं, भाजीच्या पिशव्या मागे टाकता येतात. आपल्याच देशात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची खरीखुरी दोन आसनी गाडी बनली होती, फायबरग्लासच्या अंगाची. दिसायला देखणी, पण दोन आसनं आणि दुर्मिळ सुटे भाग, म्हणजे घरातली एकुलती गाडी म्हणून ती चालायची नाही.

आधी घरचा हिशोब

हौसेला मोल नसतं, असं म्हणतात. पण हप्त्याला असतं! वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढा असतो. म्हणून अशी गाडी शक्यतो साठवलेल्या पैशांतून घ्यावी: पिकलेली ठेव, भिशी, जुनी गाडी विकून आलेली रक्कम. मुलांच्या फीचे आणि आजारपणासाठी ठेवलेले पैसे मात्र या वाटेनं जाता कामा नयेत.

आणखी एक नियम पदराला गाठ मारून ठेवा: हातात पाच लाख असतील, तर पाच लाखांची गाडी पाहू नका, सव्वाचार लाखांची पाहा. उरलेले पाऊण लाख पहिल्या वर्षासाठी. चार टायर, बॅटरी, ब्रेकचे पॅड, इंजिन ऑइल, विमा, नावावर करण्याचा खर्च, यांतलं काही ना काही निघतंच. ज्यांनी सगळी पुंजी किमतीत घातली, त्यांच्या गाड्या टायरसाठी दारात उभ्या राहतात.

महिन्याचाही हिशोब मांडा. टर्बोची गाडी शहरात लिटरला बारा किलोमीटर देते असं धरा. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरलात, तर पन्नास लिटर लागेल. लिटरला शंभर रुपये धरले, तरी पाच हजार. हा आकडा ऐकून पोटात गोळा आला, तर आत्ताच थांबलेलं बरं.

गाडी पाहायला जाताना

साडी घेताना आपण ती उजेडात नेऊन पाहतो, पदर उलगडतो, उलटी बाजू बघतो. तीच नजर इथं वापरा. संध्याकाळी किंवा पावसात गाडी पाहू नये. ओल्या रंगावर सगळे डाग लपतात. विकणाऱ्याला आधीच बजावा, ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावून पाहा. गरम लागलं, तर समजा, थंड इंजिन सुरू होताना काहीतरी खोड काढतंय, ती लपवलेली आहे.

सुरू केल्यावर मागे जाऊन धूर पाहा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत जात असण्याची शंका घ्यावी. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा थर दिसला, तर ती गाडी मेकॅनिकनं पाहिल्याखेरीज घेऊ नका.

फ्रिजवरचं छोटं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या आणि दारांवरून, मागच्या पंख्यांवरून फिरवा. पत्र्यावर ते चिकटतं. पत्र्याखाली पुट्टीचा जाड थर असेल, तर घसरून पडतं. (बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथं चिकटणारच नाही, उगीच भांडू नका!) दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत ना, हेही पाहा.

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली, तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच म्हणून धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा. टायर एकाच बाजूनं झिजले असतील, तर चाकांची ठेवण बिघडली आहे, किंवा गाडीनं कुठे तरी जबर मार खाल्ला आहे.

नाकाचाही उपयोग करा. २६ जुलै २००५ ला मुंबई, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ मध्ये चिपळूण, असे पूर आपण पाहिले. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या बाजारात येतात. गालिचा उचलून वास घ्या. बंद खोलीतल्या गादीसारखा कुबट वास आला, सीटखालच्या बोल्टांना गंज दिसला, की ‘विचार करून कळवतो’ म्हणून निघावं.

या जातीच्या गाड्यांना आणखी एक धोका असतो: आधीच्या मालकाची हौस. कुणी संगणकात फेरफार करून इंजिनची ताकद वाढवून घेतलेली असते, कुणी कान किटवणारा सायलेन्सर बसवलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या रचनेत असे मनचे बदल करता येत नाहीत, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. तेव्हा आहे तशी राहिलेली, वेळेवर ऑइल बदललेली, सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवलेली गाडी शोधा. टर्बो इंजिन चांगल्या ऑइलवर जगतं; पावत्या नसतील, तर गाडी कितीही चकाचक असो, भाव पाडून मागा. आणि शेवटचा शब्द देण्यापूर्वी त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, किंवा विश्वासातल्या मेकॅनिककडे, पैसे मोजून तपासणी करून घ्या. ते पैसे वाया जात नाहीत.

एका बाबतीत तडजोड नको. २०१४ मध्ये झालेल्या टक्कर-चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला एकही तारा मिळाला नाही. तीच गाडी दोन एअरबॅगसह चार तारे मिळवून गेली. त्या वर्षापासून कंपनीनं सगळ्या पोलोंना दोन एअरबॅग दिल्या. चाकं जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेकची व्यवस्था आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. त्याआधीची गाडी घेत असाल, तर या दोन्ही गोष्टी आहेत का, ते तपासा. चपळ गाडीत मुलांना बसवायचं, तर एवढा आग्रह हवाच.

कागद आधी, किल्ली मागून

किल्ली हातात घेण्यापूर्वी कागद पाहायचे. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा त्यांच्या मोबाइल ॲपवर गाडीचा नंबर घातला, की नोंदणीची तारीख, विमा, कर्जाचा बोजा आणि न भरलेली चलनं कळतात. आर.सी.वर कुणा बँकेचा बोजा दिसला, तर बँकेचं ‘कर्ज फिटलं’ असं पत्र आणि फॉर्म ३५ मिळेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. चॅसिसचा नंबर गाडीवर आणि कागदावर एकच आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. एका आर.टी.ओ.च्या हद्दीतून दुसऱ्या हद्दीत गाडी जाणार असेल, तर फॉर्म २८ वर ना-हरकत घ्यावी लागते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं असतं. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नाहीतर गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ त्याचा त्याच्याकडेच राहतो, तेव्हा विम्याचा हप्ता थोडा चढा येईल.

आपली जुनी गाडी विकतानाही हे लक्षात ठेवा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की आर.टी.ओ.च्या दफ्तरी ज्याचं नाव, तोच मालक. म्हणजे गाडी विकून टाकली, पण नाव बदललं नाही, आणि पुढच्याच्या हातून अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी तुमच्या दारी येऊ शकते. ‘तुम्ही निश्चिंत राहा वहिनी, आम्ही करून घेतो’ या वाक्यावर कधीही निश्चिंत राहू नये.

आणि नाव घालायची वेळ येईल, तेव्हा आर.सी.वर कुणाचं घालायचं? पैसे तुमच्या ठेवीतले असतील आणि गाडी तुम्ही चालवणार असाल, तर नाव तुमचंच हवं. हे भांडून नव्हे, साध्या आवाजात आधीच बोलून ठेवावं.

आता स्टिअरिंगवर तुम्ही

कित्येक घरांत बाईचा परवाना कपाटात, लग्नाच्या अल्बमशेजारी असतो. काढला हौसेनं, पण गाडी हातात आलीच नाही. आधी त्याची मुदत पाहा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मग शिकवणाऱ्याकडून आठ-दहा तासांची उजळणी करा. नवऱ्याकडून शिकू नका; संसार सुखाचा राहील!

सीट अशी लावा, की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकेल, आणि छाती व स्टिअरिंग यांत निदान दहा इंच अंतर राहील. एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते. पदर किंवा ओढणी नीट खोचून घ्या. उंच टाचा नकोत, मागून पट्टा असलेली सपाट चप्पल बरी. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचाच, आजीबाईंनीसुद्धा.

मग रविवारी पहाटे निघा. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट असो, कराडहून चिपळूणला उतरणारा कुंभार्ली असो, की सावंतवाडीकडचा आंबोली. ही गाडी सरळ रस्त्यासाठी नव्हे, वळणासाठी आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरही मोटारीला ताशी शंभराचीच मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. त्यामुळे वेगाच्या फुशारकीला वावच नाही. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, गिअर खाली घ्यायचा, आणि वळणातून बाहेर पडताना हलकेच पाय द्यायचा. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुकं असेल, तर सरळ चहाच्या टपरीवर थांबा. गाडी ठिकाणावर पोचली, की इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर तसंच चालू ठेवा. टर्बोला निवायला तेवढा वेळ मिळतो.

‘या वयात हे काय?’

हा प्रश्न येणारच. नणंद विचारील, सोसायटीतल्या बायका विचारतील. त्यांचं काही चुकतं असं नाही. घर चालवणाऱ्या बाईनं पैसा खर्चायचा तो घरासाठी, असंच आपण पाहत आलो. तिची सोन्याची बांगडीसुद्धा ‘अडीअडचणीला’ म्हणून केलेली असते. घरातल्या पुरुषाच्या मोटारसायकलला हौस म्हटलं की ते चालतं. बाईच्या हौसेला कारण द्यावं लागतं.

कारण द्यायचंच असेल, तर खरं द्या. वापरलेली गाडी हिशोबानं घेतली, ती रोजच्या कामाला येते, आणि चालवताना बरं वाटतं. दिवसभर आपण इतरांच्या वेळा पाळतो. डबा, शाळा, औषधं, पाहुणे. पहाटेच्या रस्त्यावर दोन तास गाडी फक्त आपलं ऐकते, यात कुणाचं काही कमी होत नाही. मात्र हीच गोष्ट उलटीही खरी: हिशोब बसत नसेल, कागदांत खोट असेल, किंवा मेकॅनिकनं मान हलवली असेल, तर गाडी कितीही मनात भरली तरी सोडून द्या. बाजारात गाड्या पुष्कळ आहेत. आपली पुंजी एकच आहे.

पाहायला जाताना पिशवीत एवढं असू द्या: फडक्यात गुंडाळलेलं चुंबक, लहान बॅटरी, ऑइलची काडी पुसायला पांढरा रुमाल, वही-पेन्सिल, आणि बोलता बोलता भुलणार नाही असं एक माणूस. बयाण्याची रक्कम मात्र पहिल्या फेरीत घरीच ठेवा.